विश्लेषण : गेममधला विषाणू, विमानतळावरचे झोंबी… ‘रेसिडेंट ईव्हिल : डीजनरेशन’ आज पाहताना काय दिसते?

छोटेसे शहर, त्याचा विमानतळ, बाहेरगावाहून येणारी माणसे आणि दिवसभराची वर्दळ. हे वर्णन अहिल्यानगर जिल्ह्यातील शिर्डीला आणि काकडी गावच्या हद्दीतील तिच्या विमानतळाला सहज लागू पडेल. ‘रेसिडेंट ईव्हिल : डीजनरेशन’ या २००८ मधील जपानी अ‍ॅनिमेटेड झोंबीपटाची गोष्टही अशाच एका विमानतळावर सुरू होते. चित्रपट जुना आहे आणि त्यात दोष बरेच आहेत. पण लस, औषध कंपन्या आणि बंद केलेली दारे यांबद्दल त्याने विचारलेले प्रश्न करोनाच्या साथीनंतर आपल्याला अधिक ओळखीचे वाटू लागले आहेत. (कथेतील रहस्य पुढे उघड केले आहे. चित्रपट आधी पाहायचा असेल, तर ‘लशीचा प्रश्न काय?’ हा भाग नंतर वाचावा.)

मूळ गेम कोणता?

जपानमधील कॅपकॉम या कंपनीने २२ मार्च १९९६ रोजी प्लेस्टेशनसाठी ‘बायोहॅझर्ड’ नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. जपानबाहेर तो ‘रेसिडेंट ईव्हिल’ या नावाने गेला. शिंजी मिकामी हे त्याचे दिग्दर्शक. एका निर्जन हवेलीत अडकलेल्या पोलिसांची ही गोष्ट आहे. ‘अम्ब्रेला’ नावाच्या औषध कंपनीने प्रयोगशाळेत तयार केलेला टी-विषाणू बाहेर पडतो आणि माणसांचे झोंबी होतात. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या गेममध्ये रॅकून सिटी हे सगळे शहरच या विषाणूच्या विळख्यात सापडते. त्या गेमचे नायक म्हणजे नोकरीच्या पहिल्याच दिवशी शहरात आलेला पोलीस लिऑन केनेडी आणि भावाला शोधायला आलेली विद्यार्थिनी क्लेअर रेडफिल्ड. ‘डीजनरेशन’मध्ये हीच जोडी सात वर्षांनी पुन्हा भेटते.

या मालिकेवर चित्रपटांचे दोन वेगळे प्रवाह निघाले. पहिला हॉलीवूडचा. मिला योव्होविच हिला घेऊन २००२ ते २०१६ या काळात सहा चित्रपट निघाले. त्यांनी चांगला गल्ला जमवला, पण गेमच्या कथेशी त्यांचे नाते नावापुरतेच राहिले. दुसरा प्रवाह संगणकीय अ‍ॅनिमेशनचा, खुद्द जपानमधला. त्यात ‘डीजनरेशन’ (२००८), ‘डॅमनेशन’ (२०१२), ‘व्हेन्डेटा’ (२०१७) आणि ‘डेथ आयलंड’ (२०२३) हे चित्रपट, तसेच २०२१ मधील ‘इन्फिनिट डार्कनेस’ ही छोटी मालिका येते. या सगळ्यांची कथा गेमच्याच कालक्रमात बसवलेली आहे. दोन गेमच्या मधल्या काळात काय घडले, हे ती सांगते. त्यामुळे गेम खेळणाऱ्यांना ती पुढच्या प्रकरणासारखी वाटते. न खेळलेल्या प्रेक्षकाला मात्र आपण गोष्टीच्या मध्यात येऊन बसलो आहोत, असे वाटत राहते.

चित्रपटाची कथा काय?

रॅकून सिटी नष्ट झाल्यानंतर सात वर्षांनी, २००५ मध्ये, हार्वर्डव्हिल या काल्पनिक अमेरिकी शहराच्या विमानतळावर चित्रपट उघडतो. क्लेअर आता ‘टेरासेव्ह’ या स्वयंसेवी संस्थेत काम करते. जैविक आणि रासायनिक हल्ल्यांतील पीडितांना मदत करणारी ही संस्था. विमानतळावर ती सहकारी महिलेला आणि तिच्या भाचीला भेटायला आलेली असते. या भाचीचे नाव राणी चावला! त्याच वेळी तिथे डेव्हिस नावाचा सिनेटर येतो. ‘विलफार्मा’ या औषध कंपनीला पाठीशी घालतो म्हणून आंदोलक त्याच्याविरुद्ध घोषणा देत असतात. त्यांच्यातील काहींनी झोंबीचे मुखवटे घातलेले असतात. म्हणूनच खरा झोंबी समोर येतो, तेव्हा तोही आंदोलकच असावा असे सुरक्षा रक्षकाला वाटते. हा प्रसंग चित्रपटातील उत्तम प्रसंगांपैकी एक. धोका आधी थट्टेसारखा दिसतो आणि थट्टा आहे असे समजण्यात पहिली काही मिनिटे निघून जातात.

पाठोपाठ एक विमान थेट टर्मिनलच्या इमारतीत घुसते आणि त्यातून झोंबी बाहेर पडतात. क्लेअर, राणी, सिनेटर आणि मोजके लोक व्हीआयपी कक्षात दडून बसतात. बाहेर लष्कर वेढा घालते. आत जायचे कोणी, कधी आणि कोणासाठी, यावर खल चालतो. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी धाडलेला लिऑन दोन स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांसह आत शिरतो. हा पूर्वार्ध गतिमान आहे. टर्मिनलची भौगोलिक रचना प्रेक्षकाच्या नीट लक्षात राहते. कोण कुठे अडकले आहे आणि दार किती दूर आहे, हे कळत असल्याने ताण टिकतो. उत्तरार्धात कथा कंपनीच्या संशोधन केंद्रात शिरते, तिथे राक्षसी रूपांतर, कोसळणारे मजले आणि स्फोट यांचीच गर्दी होते. गेममध्ये शेवटच्या ‘बॉस’शी होणारी झुंज खेळताना रंगते, इथे ती नुसती पाहावी लागते आणि लांबते.

झोंबी जमले, माणसे का फसली?

माकोतो कामिया दिग्दर्शित या चित्रपटाचे अ‍ॅनिमेशन जपानच्या डिजिटल फ्रंटियर या स्टुडिओने केले आहे. त्यासाठी ‘मोशन कॅप्चर’ तंत्र वापरले गेले. यात कलाकाराच्या अंगावर ठिकठिकाणी खुणा लावतात, अनेक कॅमेरे त्या खुणांची हालचाल टिपतात आणि ती हालचाल संगणकातील पात्राला दिली जाते. त्यामुळे धावणे, पडणे, बंदूक रोखणे या गोष्टी खऱ्या वाटतात. पण चेहऱ्यावर शेकडो बारीक हालचाली एकाच वेळी होत असतात. २००८ च्या तंत्राने त्या पकडणे कठीण होते. परिणामी, क्लेअर रडते तेव्हा आसवे दिसतात, पण डोळे कोरडेच वाटतात.

याचे कारण जपानी रोबोटशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच सांगून ठेवले होते. यंत्र जसजसे माणसासारखे दिसू लागते, तसतशी आपल्याला त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागते. मात्र ते जवळजवळ माणसासारखे, तरी पूर्ण माणसासारखे नाही, अशा टप्प्यावर आले की आपुलकी एकदम घसरून शिसारी येते. आलेखातल्या या खड्ड्याला ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणतात. गंमत अशी, की मोरी यांच्या आलेखात त्या खड्ड्याच्या तळाशी चालते-फिरते प्रेत, म्हणजे झोंबीच होता!

‘डीजनरेशन’चे यश आणि अपयश दोन्ही याच आलेखात सापडते. झोंबीने त्या खड्ड्यातच असायला हवे. त्याचे थिजलेले डोळे, ताठ मान आणि अडखळती चाल संगणकाला चपखल जमते. पण त्याच खड्ड्यात नायक-नायिकाही घसरतात. लिऑनचा चेहरा प्रेमात, रागात आणि संकटात जवळपास सारखाच राहतो. मग ज्यांना वाचवायचे त्यांच्यात आणि ज्यांच्यापासून वाचायचे त्यांच्यात फरक करताना प्रेक्षकाचे मन गोंधळते.

आपल्याकडे हाच धडा आणखी महागात शिकला गेला. निव्वळ मोशन कॅप्चरवर बेतलेल्या सुरुवातीच्या पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटांत ‘सिंदबाद : बियाँड द व्हेल ऑफ मिस्ट्स’चे (२०००) नाव घ्यावे लागते आणि त्यामागे चेन्नईची पेंटाफोर ही कंपनी होती. त्यानंतर १४ वर्षांनी याच तंत्राने रजनीकांत यांचा ‘कोचडयान’ आला. तेव्हाही चर्चा झाली ती कथेपेक्षा निर्जीव चेहऱ्यांची. शिर्डीतील साईतीर्थ या थीम पार्कमध्ये यंत्राने हलणारे पुतळे आहेत. तिथे प्रेक्षक आणि पुतळा यांत अंतर असते आणि प्रकाशयोजना मदतीला असते. चित्रपटाला ही सोय नाही. तिथे कॅमेरा चेहऱ्याला भिडतो आणि उणीव लपत नाही.

गेममधली भीती पडद्यावर का उतरत नाही?

पहिला ‘रेसिडेंट ईव्हिल’ ज्यांनी खेळला आहे, त्यांना त्यातील खरी भीती कशाची होती ते आठवेल. ती झोंबीपेक्षा टंचाईची होती. गोळ्या मोजक्या, औषधी वनस्पती मोजक्या, खिशात वस्तू ठेवायला जागा कमी. खेळ जतन करायचा तर टाइपरायटर शोधायचा आणि त्यासाठी लागणारी शाईची रिबिनही मोजूनच वापरायची. समोरच्या झोंबीवर तीन गोळ्या खर्च कराव्यात की त्याला हुलकावणी देऊन पळावे, हा हिशेब खेळणाऱ्याला सतत करावा लागे. कॅमेरा एका जागी स्थिर असल्याने वळणापलीकडे काय आहे ते दिसत नसे, फक्त पाय ओढत चालल्याचा आवाज ऐकू येई. चुकलो तर ती चूक आपली असे.

चित्रपटात हा हिशेब उरत नाही. लिऑनच्या गोळ्या संपत नाहीत आणि संपल्या तरी प्रेक्षकाच्या खिशातून काही जात नाही. गेमवरून बेतलेल्या बहुतेक चित्रपटांचे दुखणे हेच आहे. ते गेममधील पात्रे, शस्त्रे आणि राक्षस उचलतात, पण निवड करण्याचे ओझे उचलू शकत नाहीत. ‘डीजनरेशन’ निदान पूर्वार्धात त्यावर एक तोड काढतो. बंदिस्त जागा, थोडी माणसे, एकच दार आणि बाहेरच्यांचा वेळकाढूपणा, ही टंचाईच आहे. म्हणूनच पूर्वार्ध पकड घेतो. दारूगोळा अमर्याद झाल्यावर पकड सुटते.

लशीचा प्रश्न काय?

विमानतळावरून सुटका झाल्यावर चित्रपट अनपेक्षित वळण घेतो. ज्या विलफार्माविरुद्ध टेरासेव्ह आंदोलन करत होती, त्याच कंपनीने टी-विषाणूवर लस तयार केलेली असते. आंदोलनामुळे ती लोकांपर्यंत पोहोचायला उशीर झालेला असतो. क्लेअरच्या पायाखालची जमीन सरकते. आपण प्रश्न विचारले नसते तर ही माणसे वाचली असती का? चित्रपटातला हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे. पुढे लशीचे ट्रक स्फोटात उडतात आणि अखेर कळते, की विषाणू पसरवणारा कंपनीतलाच संशोधक आहे. लस आणि विषाणू दोन्ही त्याच्याच हाताशी आणि साथ म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवलेले प्रात्यक्षिक! हा खुलासा कथेला सोयीचा असला, तरी क्लेअरचा प्रश्न त्याने सुटत नाही. चित्रपट तो अर्ध्यावर सोडून मारामारीकडे वळतो, ही त्याची सर्वात मोठी चूक.

भारतीय प्रेक्षकाला मात्र तो सोडून देता येत नाही. २००९ मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लशीचा प्रकल्प सुरू झाला. १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना लस देण्यात आली. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. हे मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. मात्र संमती घेण्यात गंभीर त्रुटी असल्याचे समोर आले. अनेक ठिकाणी पालकांऐवजी मुख्याध्यापक किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीनेही यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असू शकते आणि ती देण्याची पद्धत चुकीची असू शकते, हे दोन्ही एकाच वेळी खरे होते. प्रश्न विचारणे चूक नव्हते. प्रश्न विचारण्याची वेळ येऊ देणे ही चूक होती.

याच्या उलट उदाहरण मुंबईत घडले. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि सगळा ठपका हाफकिन यांच्यावर आला. दोष प्रयोगशाळेचा नसून बाटली उघडतानाच्या हलगर्जीपणाचा असल्याचे मान्य व्हायला काही वर्षे गेली. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. ‘डीजनरेशन’मध्येही एक पात्र स्वतःला सुई टोचून घेते. पण त्या सुईत विषाणू असतो आणि हेतू सूडाचा. हाफकिन यांची सुई विश्वास मिळवण्यासाठी होती.

दार बंद करायचे कोणी?

झोंबीपटात कुठे ना कुठे एक दार असतेच. ते कधी बंद करायचे आणि बाहेर कोणाला ठेवायचे, यावर सारी कथा फिरते. ‘डीजनरेशन’मध्ये ते विमानतळाचे दार आहे. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरोघर झडत्या झाल्या, माणसांना जबरदस्तीने हलवण्यात आले. त्या संतापातून २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी आलेला साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला.

शिर्डीने हे दार दोनदा बंद होताना पाहिले. साईमंदिर १७ मार्च २०२० रोजी भाविकांसाठी बंद झाले, ते १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडले. दुसऱ्या लाटेत ५ एप्रिल २०२१ रोजी पुन्हा बंद झाले आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडले. हार-फुले, प्रसाद, लॉज, खानावळी, रिक्षा यांवर चालणाऱ्या गावात दार बंद होणे म्हणजे चूल बंद होणे. आणि उघडे ठेवणे म्हणजे देशभरातून येणाऱ्यांसोबत संसर्ग आत घेणे. दोन्ही बाजूंचे नुकसान खरे होते. चित्रपटातला वेढा घालून बसलेला अधिकारी आपल्याला खलनायक वाटतो. दीड वर्ष उघडझाप पाहिलेल्या गावाला त्याची अडचण थोडी तरी कळेल.

साथ आणि वेस यांचे नाते शिर्डीला त्याहून जुने आहे. ‘साईसच्चरित’ या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात साईबाबा जात्यावर गहू दळतात आणि ते पीठ गावाच्या शिवेवर टाकायला सांगतात. निमित्त असते पटकीच्या साथीचे. भाविकांसाठी ती श्रद्धेची कथा आहे. साथीला शिवेवर अडवायचे, ही गावाची जुनी धडपडही त्यातून दिसते. महत्त्वाचे म्हणजे त्या गोष्टीत गाव एकत्र येते. बायका पुढे होऊन जाते ओढतात. हॉलीवूडच्या किंवा जपानच्या झोंबीपटात शिवेवर बंदूकधारी उभा असतो.

आपल्याकडे झोंबी आले कधी?

चालत्या प्रेताची कल्पना आपल्याला परकी नाही. प्रेतात शिरणारा वेताळ आपल्या गोष्टींत शतकानुशतके आहे आणि अनेक गावांत त्याचे ठाणेही शिवेवरच असते. पण वेताळ बोलतो, कोडी घालतो. मुका, घोळक्याने येणारा आणि चावून पसरणारा आधुनिक झोंबी जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ मधील ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’नंतर रुळला. हिंदीत २०१३ मध्ये ‘गो गोवा गॉन’ने त्याला गोव्याच्या किनाऱ्यावर आणले. मराठीत आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ रोजी आला. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या या विनोदी भयपटाने झोंबींना डोंबिवलीत आणले आणि टोलेजंग इमारत विरुद्ध वस्ती हा पाण्याचा झगडा त्यात मिसळला. तंत्रात तो जपानी चित्रपटाच्या बराच मागे असेल, पण त्यातील माणसांचे चेहरे जिवंत आहेत. कोणाच्या नळाला पाणी येते आणि कोणाच्या नाही, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तिथे वेगळी पार्श्वभूमी सांगावी लागत नाही.

मग पाहावा का? आणि मुलांना दाखवावा का?

अ‍ॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचे, हा समज इथे बाजूला ठेवावा. अमेरिकेत हा चित्रपट ‘आर’ श्रेणीत आहे, म्हणजे १७ वर्षांखालील मुलांनी तो पालकांसोबतच पाहायचा. डोक्यात गोळ्या घालण्याची आणि लचके तोडण्याची दृश्ये त्यात मोकळेपणाने येतात. सुट्टीत मोबाइलवर ‘कार्टून’ म्हणून लावून द्यावा असा हा चित्रपट नाही. घरातला मुलगा किंवा मुलगी गेम खेळत असेल, तर सोबत बसून पाहावा. कोणते पात्र कोण, हे तीच तुम्हाला समजावून सांगतील. लशीचा प्रश्न तुम्ही त्यांना समजावून सांगा.

साधारण ९७ मिनिटांच्या या चित्रपटाचा पहिला अर्धा भाग उत्कंठेसाठी पाहावा. दुसरा अर्धा भाग गेमच्या चाहत्यांसाठी आहे. इतरांनी तो भराभर पुढे सरकवला तरी फार बिघडणार नाही. शेवटी विलफार्मा अडचणीत येते, तर तिला विकत घ्यायला ट्रायसेल ही दुसरी कंपनी पुढे सरसावते. झोंबी मरतात आणि व्यवहार चालू राहतो. रक्तपाताच्या दृश्यांपेक्षा हेच दृश्य चित्रपट संपल्यावर अधिक काळ मनात राहते.